११७ सेंटिमीटरची गाडी आणि बीरगांवचा रस्ता

सुपरकार ही आता रोजच्या वापराची गाडी झाली आहे, असं हल्ली मोठ्या आत्मविश्वासाने सांगितलं जातं. फेरारी, लॅम्बोर्गिनीच्या जुन्या गाड्या लहरी होत्या, तापायच्या, क्लच जाळायच्या, हे सांगणारेही कबूल करतात. पण आता गिअर आपोआप पडतात, बटण दाबलं की गाडीचं नाक वर उचललं जातं, मागचं दिसायला कॅमेरा आहे, एसी उत्तम आहे. मग ती झाकून कशाला ठेवायची? कामावर न्या, बाजारात न्या, मुलांना शाळेत सोडा, असा त्यांचा आग्रह असतो. हे म्हणणाऱ्यांपैकी अनेकांचं यंत्रांवर मनापासून प्रेम आहे. माझंही आहे. रायपूरजवळच्या उरला औद्योगिक वसाहतीतल्या रोलिंग मिलमध्ये गिअरबॉक्स आणि बेअरिंगांच्या संगतीत माझी नोकरी झाली. चांगलं घडवलेलं यंत्र दिसलं की मी आजही थांबून बघतो. तरीही त्यांचं म्हणणं मला साफ चुकीचं वाटतं. मुंबईच्या सागरी किनारा मार्गावरून बघितलं तर ते खरं भासेल. पण एकदा रायपूरला खेटून असलेल्या बीरगांवात, बिलासपूर रस्त्याच्या कडेला, कारखान्यांची पाळी सुटण्याच्या वेळी उभं राहून बघा.

त्यांच्या बाजूचा सगळ्यात भक्कम पुरावा मीच आधी मांडतो. होंडाने १९९० मध्ये एनएसएक्स ही गाडी विक्रीला आणली. तिची सगळी बॉडी अ‍ॅल्युमिनियमची होती आणि तीन लिटरचं व्ही-६ इंजिन चालकाच्या पाठीमागे होतं. चालकाला चहूकडचं नीट दिसावं म्हणून एफ-१६ लढाऊ विमानाच्या कॉकपिटवरून तिची काच बेतली होती. सांगाडा आणखी ताठ हवा, हे शर्यतपटू आयर्टन सेनाने गाडी चालवून सांगितलं आणि होंडाने ते ऐकलं. मॅकलारेन एफ-१ घडवणाऱ्या गॉर्डन मरे यांनी आपल्या गाडीसाठी याच एनएसएक्सचा मापदंड धरला आणि ती स्वतः अनेक वर्षं वापरली. सुपरकार म्हणजे सतत गॅरेजात पडलेली गाडी, हा समज तिने मोडला. हे श्रेय तिला दिलंच पाहिजे. रोज सुरू होईल का, तापेल का, मधेच बंद पडेल का, या प्रश्नांची उत्तरं अभियंत्यांनी शोधली. ती सापडणारच होती, कारण ते प्रश्न इंजिनाचे होते.

पण त्या एनएसएक्सची उंची होती ११७ सेंटिमीटर. नंतरच्या फेरारी ३६० मोडेनाची १२१, लॅम्बोर्गिनी हुराकानची साधारण ११६, अव्हेंटाडोरची त्याहून कमी. इंजिनं बदलली, गिअरबॉक्स बदलले, संगणक आले, हा आकडा मात्र जवळपास तिथेच राहिला. तो बदलणारही नाही, कारण गाडीचं सगळं वजन जमिनीलगत ठेवणं हेच तिच्या वळणावरच्या पकडीचं मूळ आहे. ती वर उचलली, तिच्या पोटाखालून हवा मोकळी जाऊ दिली, की ती दुसरी गाडी होते. म्हणजे ज्या गुणामुळे ती गाडी सुपरकार आहे, त्याच गुणामुळे ती रोजच्या रस्त्याला नालायक ठरते. माझा सगळा वाद या एका मुद्द्यावर उभा आहे. बाकीच्या अडचणी पैशाने सुटतील, ही सुटत नाही.

आता बीरगांवचा रस्ता. रायपूरहून बिलासपूरकडे निघालं की भनपुरी लागते, मग रावाभाठ्याचं ट्रान्सपोर्ट नगर, डावीकडे उरला, पुढे धनेली आणि सिलतरा. स्पंज आयर्नच्या भट्ट्या, रोलिंग मिल, फेरो अलॉयचे कारखाने या पट्ट्यात दाटीवाटीने उभे आहेत. या रस्त्यावर लोहखनिज येतं, कोळसा येतो, आणि इथून इंगट, बिलेट आणि सळया बाहेर जातात. हे सगळं ट्रकांतून आणि ट्रेलरांतून. त्यांच्या चाकांमधून वाट काढत सायकली, मोपेड, ई-रिक्षा आणि पायी चालणारी माणसं जातात, कारण कामगारांची घरं रस्त्याच्या एका बाजूला आणि कारखाने दुसऱ्या बाजूला आहेत. पावसाळ्यात कोरड्या जागेच्या शोधात गुरं डांबरावर येऊन बसतात. छत्तीसगडच्या रस्त्यांवर बसणाऱ्या गुरांचा प्रश्न बिलासपूरच्या उच्च न्यायालयापर्यंत गेलेला आहे.

ट्रकचालकाचे डोळे जमिनीपासून दोन मीटरहून उंच असतात. त्याच्या डाव्या दाराखालची आणि बंपरच्या अगदी पुढची जागा त्याला आरशातही धड दिसत नाही. डावीकडचं बघायला क्लीनर असतो, तोही रात्री पेंगलेला असतो. अशा ट्रकच्या डाव्या दाराला लागून ११६ सेंटिमीटर उंचीची गाडी आली, तर चालकाच्या लेखी तिथे रिकामा रस्ता आहे. मारुती स्विफ्ट दीड मीटर उंच आहे, आल्टोही त्याच्या आसपास. तिचं निदान छप्पर तरी त्याच्या नजरेत येतं. स्कूटरवर बसलेल्या माणसाचं डोकंही सुपरकारच्या छपराच्या वर असतं. त्यामुळे चकचकीत पिवळा किंवा केशरी रंग बघून "एवढी भडक गाडी कुणाला दिसणार नाही?" असं कुणी विचारतं तेव्हा मला त्या माणसाने एकदा दहा चाकी ट्रकच्या केबिनमध्ये बसून बघावं असं वाटतं. रंग दिसायला आधी गाडी नजरेच्या टप्प्यात यावी लागते.

आणि पुढचा ट्रक? त्याच्या हौद्याखालची लोखंडी कड जमिनीपासून बरीच वर असते. फाळका उघडा टाकून त्यातून बाहेर डोकावणाऱ्या सळया या पट्ट्यात नवीन नाहीत. असा बाहेर आलेला माल नेण्याची मुभा केंद्र सरकारने २०१४ मध्ये काढून टाकली, तरी रात्रीच्या वेळी त्या दिसतात. साध्या गाडीने अशा ट्रकला मागून धडक दिली तर निदान तिचं बॉनेट आधी आदळतं, चुरगळतं, धक्का खातं. सुपरकारचं नाक पाचरीसारखं उतरतं असतं. ते हौद्याखाली शिरतं आणि पहिला आघात पुढच्या काचेवर येतो. ट्रकच्या मागे आडवा गार्ड असायला हवा, असा नियम आहे. जुन्या ट्रकांचा तो गार्ड वाकलेला, गंजलेला असतो किंवा नसतोच. कार्बन फायबरचा सांगाडा कितीही मजबूत असला, तरी चालकाचं डोकं ज्या उंचीवर आहे त्याच उंचीवर समोरच्या ट्रकची लोखंडी कड आहे. यात कौशल्याचा, वेगाचा, नशिबाचाही प्रश्न नाही. गाडी आणि रस्त्यावरची बाकीची वाहनं यांची मापंच एकमेकांशी जुळत नाहीत.

यावर ठरलेलं उत्तर येतं की दोष गाडीचा नाही, रस्त्यांचा आहे. आणि या तक्रारीत सगळ्यात वरचा नंबर गतिरोधकाचा असतो. इथे मला जरा थांबायचं आहे, कारण या एका गोष्टीत दोन्ही बाजूंचा स्वभाव दिसतो.

इंडियन रोड्स काँग्रेसने १९८८ मध्येच गतिरोधकाचं माप ठरवून दिलं आहे: ३.७ मीटर रुंद, १० सेंटिमीटर उंच, सतरा मीटर त्रिज्येचा गोलावा, ताशी २५ किलोमीटरने सहज ओलांडता येईल असा. वस्तीत असा गतिरोधक क्वचितच सापडतो. सापडतो तो अरुंद, टोकदार, वीतभर उंचीचा, वर पांढरे पट्टे नसलेला. हुराकानच्या पोटाखाली बारा-तेरा सेंटिमीटर जागा असते आणि तिचं नाक पुढच्या चाकाच्या बरंच पुढे आलेलं असतं. चाक चढायच्या आधीच ओठ आपटतो. नाक उचलणारी यंत्रणा तीन-चार सेंटिमीटर देते आणि तेवढ्यानेही भागेल याची खात्री नसते. मग गाडी तिरकी घ्यायची, एका वेळी एक चाक चढवायचं. तिरकी गाडी अख्खा रस्ता अडवते. मागचा ट्रक हॉर्न वाजवतो, बाजूची मोपेड गटाराच्या कडेला ढकलली जाते. कारखान्याच्या फाटकाशी चढ असेल तर पहारेकरी धावत लाकडी फळ्या आणतो आणि चाकांखाली सरकवतो. सुपरकारच्या रोजच्या वापरात अशी दुसऱ्याने घेतलेली मेहनत किती असते, याचा हिशेब तिच्या प्रचारकांनी कधी मांडलेला नाही.

पण वस्तीतले ते बेढब गतिरोधक तिथे आले कसे? बहुतेक ठिकाणी गल्लीतल्या लोकांनी मुरूम, खडी, फुटकं डांबर आणून ते रातोरात घातलेले असतात. वजनकाटा चुकवायला किंवा वळसा टाळायला ट्रक वस्तीतून धावायला लागले की हे घडतं. त्याआधी कुणाचं तरी मूल चाकाखाली आलेलं असतं किंवा येता येता वाचलेलं असतं. अर्ज दिले जातात, कुणी येत नाही, आणि मग लोक स्वतःच फावडं उचलतात. तो उंचवटा नियमात बसत नाही, दुचाकीवाल्याच्याही पाठीला तो घातक आहे, रुग्णवाहिकेला तर फारच. तो मोडून प्रमाणातला गतिरोधक बांधावा, याला माझा पाठिंबा आहे. परंतु सुपरकारवाला जेव्हा त्याकडे बोट दाखवून "या देशात चांगली गाडी चालवायची सोयच नाही" असं म्हणतो, तेव्हा त्या गल्लीने काय मागितलं होतं हे त्याला ठाऊक नसतं. गल्लीने वेग कमी करा एवढंच मागितलं होतं. आणि वेग कमी करणं ही जिची अडचण ठरते, अशी गाडी घेऊन तो तिथे आलेला आहे. या भांडणात रस्ता गाडीपेक्षा जास्त बरोबर आहे.

यंत्राच्या बाजूनेही बोलू, कारण रोज चालवल्याने गाडीचा मान राखला जातो असा त्यांचा दावा आहे. स्पंज आयर्नच्या भट्टीत लोहखनिज आणि कोळसा एकत्र तापवतात. त्यातून निघणारी काळी भुकटी सिलतऱ्यापासून रायपूरच्या गच्च्यांपर्यंत पसरते आणि धूळ धरणारी यंत्रं रात्री बंद ठेवली जातात अशा तक्रारी इथे वर्षानुवर्षं होत आहेत. त्या भुकटीत लोखंडाचे कण असतात. ते रंगावर बसतात, दमट हवेत गंजतात आणि तांबूस ठिपके रंगात रुतून राहतात. नुसत्या धुण्याने ते जात नाहीत. गाडीचे रेडिएटर जमिनीलगत, पुढच्या तोंडाशी असतात, तिथे हीच भुकटी आणि ट्रकच्या चाकांनी उडवलेली कच थेट जाते. उन्हाळ्यात रायपूरचा पारा ४४ अंशांच्या पुढे जातो. इंजिन चालकाच्या पाठीशी, चहूबाजूंनी बंद, आणि गाडी रेल्वे फाटकापाशी उभी असते. ज्या इंजिनाची थंड होण्याची सगळी रचना वेगाने आत शिरणाऱ्या वाऱ्यावर बेतली आहे, ते तिथे फक्त पंख्याच्या भरवशावर तग धरतं. वाहत्या हवेच्या जोरावर चालणारं यंत्र उभ्या रांगेत ठेवणं याला मी मान राखणं म्हणत नाही.

क्लचची कथा आणखी वाईट. फेरारी ३६०च्या एफ-१ गिअरबॉक्ससारख्या जुन्या रचनेत क्लच एकच असतो आणि तो यंत्रणा स्वतः दाबते-सोडते. मुंगीच्या चालीने सरकताना तो सतत अर्धवट घसरत राहतो आणि झिजून जातो. नव्या दुहेरी क्लचने हे पुष्कळ सुधारलं, हे खरं आहे. टायर मात्र सुधारले नाहीत, सुधारणारही नाहीत: रुंद, आणि रबराची भिंत दोन-तीन बोटांची. खड्ड्यात चाक गेलं की धक्का थेट रिमला बसतो. रिम वाकते किंवा तडकते. डिकीत स्टेपनी नसते. साध्या टोचनने तिला ओढता येत नाही, कारण दोर बांधून ओढायला गेलं की नाक घासतं. सपाट पाट्याचा ट्रक हवा, आणि मग प्रवास मुंबईच्या दिशेने, अकराशे किलोमीटरच्या आसपास, कारण या गाड्यांची अधिकृत सेवाकेंद्रं देशात मोजक्या महानगरांत आहेत. इंधनाचंही तेच. या इंजिनांना ज्या प्रतीचं जास्त ऑक्टेनचं पेट्रोल लागतं, ते निवडक शहरांतल्या निवडक पंपांवरच मिळतं. बिलासपूर रस्त्यावरचा पंप डिझेलच्या ट्रकांसाठी असतो आणि तसाच असायला हवा.

महानगरात तरी सगळं सुरळीत आहे का? उद्योगपती गौतम सिंघानिया यांनी २०२४ मध्ये जाहीरपणे सांगितलं की लॅम्बोर्गिनीची नवी कोरी रेव्हुएल्टो चालवून बघत असताना मुंबईच्या अटल सेतूवर तिची सगळी वीज गेली आणि ते अडकून पडले. त्याच वर्षी डिसेंबरात सागरी किनारा मार्गावर एक लॅम्बोर्गिनी पेटली, त्याची चित्रफीतही त्यांनीच लोकांसमोर ठेवली. दोन घटनांवरून मी अख्ख्या कंपनीचा न्याय करणार नाही. पण सेतू आणि किनारा मार्ग हे देशातले सगळ्यात गुळगुळीत रस्ते आहेत, कंपनीची माणसं हाकेच्या अंतरावर आहेत, आणि तरीही मालकाला हा अनुभव येऊ शकतो. रावाभाठ्याच्या ट्रकांच्या रांगेत मध्यरात्री वीज गेलेली, अंधारात काळीठिक्कर उभी, ११६ सेंटिमीटर उंचीची गाडी मागून येणाऱ्या ट्रेलरला कशी दिसेल, एवढाच प्रश्न मी विचारतो.

गाड्या बनवणाऱ्यांना हे सगळं माहीत आहे. त्यांची साक्ष त्यांच्याच कारखान्यातून मिळते. रोजच्या वापरासाठी गिऱ्हाईक मिळवायचं ठरलं तेव्हा लॅम्बोर्गिनीने उरुस काढली: उंच, पाच दारांची, जमिनीपासून भरपूर वर. २०२३ मध्ये कंपनीने दहा हजारांहून थोड्या जास्त गाड्या विकल्या, त्यांतल्या सहा हजारांवर उरुस होत्या. फेरारीने २०२२ मध्ये चार दारांची उंच पुरोसांग्वे आणली. त्याच वर्षी हुराकानची स्टेराटो आली, नेहमीपेक्षा ४४ मिलिमीटर उंच, आणि पोर्शने ९११ डकार काढली, तीही उंचावलेली. खडबडीत रस्त्याशी सामना करायचा तर गाडी वर उचलावी लागते, हे त्यांनी स्वतःच्या हातांनी सिद्ध केलं. ज्यांनी ही यंत्रं घडवली त्यांनीच रोजच्या कामासाठी वेगळं यंत्र घडवलं असेल, तर इथल्या हौशी मंडळींनी मूळ गाडी रोज चालवण्याचा हट्ट का धरावा?

"मग रस्ते सुधारा," हे उत्तर पुन्हा येईल. चला, सुधारले असं धरू. नागपूरहून निघणारा समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे, जून २०२५ पासून तो पूर्ण खुला झाला आणि तिथली वेगमर्यादा ताशी १२० आहे. नवा रायपूरचे रस्ते इतके रुंद आणि रिकामे आहेत की तिथे रायपूरची मुलं मोटारसायकली पळवायला जातात. अशा रस्त्यावर सुपरकारचं पोट घासणार नाही, खरं आहे. मात्र पहिल्या गिअरमध्येच ती शहराची मर्यादा ओलांडते, १२० गाठायला तिला चार-पाच सेकंद लागतात, आणि त्यापुढचे सगळे गिअर, सगळी ताकद, ज्यासाठी कोट्यवधी मोजले ती सगळी, कायद्याच्या पलीकडे आहे. रोज हातात असलेली ताकद रोज न वापरणं अवघड असतं. याला मी मालकाच्या चारित्र्याचा दोष मानत नाही. यंत्र स्वतःच तसं बोलावत असतं.

ते बोलावणं कुठे नेतं, हे पुण्याने पाहिलं. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरात एका अल्पवयीन मुलाने चालवलेल्या पोर्श टायकनने मोटारसायकलवरच्या दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. गाडी दोन टनांहून जड होती आणि तिची नोंदणीही पूर्ण झालेली नव्हती. त्या प्रकरणात दारू होती, पैशाचा माज होता, रक्ताचे नमुने बदलल्याचा आरोप होता, आणि महाराष्ट्र त्यावर संतापला ते योग्यच होतं. पण वस्तीतल्या रस्त्यावर क्षणात जीवघेणा वेग पकडणारी गाडी रात्रीच्या फेरफटक्यासाठी घरात सहज उपलब्ध होती, याची चर्चा त्या मानाने कमी झाली. जून २०१८ मध्ये हावड्याजवळ डोमजूरला एका रविवारी फेरारी कॅलिफोर्निया पुलाच्या कठड्यावर आदळली आणि चालकाचा मृत्यू झाला. तिथे ना अल्पवयीन चालक होता ना दारूचा आरोप. रस्ता होता कोलकात्याहून मुंबईकडे जाणारा जुना राष्ट्रीय महामार्ग ६, जो रायपुरातूनही जातो. सुपरकार हौशींची ती ठरवून काढलेली, सकाळची फेरी होती. मोकळा रस्ता आणि अनुभवी हात असतानाही जे घडू शकतं, ते रोज, घाईत, फोन वाजत असताना घडण्याची शक्यता वाढते की कमी होते?

२०२२ मध्ये भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. त्यांत ४४ टक्क्यांहून जास्त दुचाकीवरची होती आणि जवळपास पाचवा हिस्सा पायी चालणाऱ्यांचा. दहातले सात मृत्यू अतिवेगाच्या नावावर नोंदवले गेले. यातले बहुसंख्य सुपरकारखाली आले नाहीत, हे उघड आहे. ते ट्रकखाली, बसखाली, साध्या गाडीखाली आले. पण "माझा पैसा, माझी गाडी, तुम्हाला काय?" असं विचारणाऱ्याने हे आकडे डोळ्यांसमोर ठेवावेत. पैसा त्याचा आहे, रस्ता त्याचा एकट्याचा नाही. सहाच्या पाळीला डबा हँडलला लटकवून निघालेली बाई त्या गाडीची भागीदार नसते, तरी गाडीच्या वेगाचा धोका तिच्याही वाट्याला येतो.

मराठी घरांत सुपरकारचं आकर्षण आलं ते बऱ्याच अंशी सचिन तेंडुलकरमुळे. ब्रॅडमनच्या २९ कसोटी शतकांची बरोबरी केल्याबद्दल २००२ मध्ये शर्यतपटू मायकेल शूमाकरच्या हस्ते त्याला फेरारी ३६० मोडेना मिळाली. १ कोटी १३ लाखांच्या आयात शुल्काच्या माफीवरून वाद पेटला आणि शेवटी ती रक्कम फेरारीची तेव्हाची मालक कंपनी फियाटने भरली. २०११ मध्ये ती गाडी सुरतच्या व्यावसायिकाकडे गेली. राजेश मापुसकर यांनी २०१२ मध्ये त्या गाडीभोवती "फेरारी की सवारी" हा चित्रपट केला. त्यातला गरीब बाप मुलाच्या क्रिकेटसाठी ती गाडी एका लग्नाच्या वरातीपुरती उचलतो. एक दिवस, एक फेरी. ते स्वप्न माझ्याही मनात घर करून आहे आणि त्याबद्दल मला काही खंत वाटत नाही. पण त्या गोष्टीत कुणी फेरारीने दळण आणायला जात नाही. सामान्य प्रेक्षकाला जे न सांगता कळलं, ते हौशी प्रचारकांनाही कळायला हरकत नव्हती.

एक आक्षेप उरतो आणि तो खरोखर वजनदार आहे. उभी राहिलेली गाडी मरते. बॅटरी उतरते, रबरी सील सुकतात, टायर एका जागी दबून चपटे होतात, पेट्रोल शिळं होतं. यंत्र चालवण्यासाठीच असतं, हे मिलमध्ये आयुष्य काढलेल्या माणसाला कुणी शिकवायला नको. बंद पडलेल्या मिलचे रोल गंजताना मी पाहिले आहेत आणि ते दृश्य मला सहन होत नाही. पण यावर उपाय रोज उरल्याला नेणं हा नाही. बॅटरीला मेंटेनर लावा. पंधरवड्यातून एकदा, भल्या सकाळी, गाडी पूर्ण गरम होईल इतकी चालवा, मर्यादेत. वर्षातून एकदा तिला ट्रेलरवर चढवून ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर किंवा चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईच्या शर्यतीच्या मार्गावर न्या. तिथे समोरून ट्रेलर येत नाही, सायकलवर कुणी नसतं, कडेला रेती आणि टायरांच्या भिंती असतात, रुग्णवाहिका तयार असते. तिथे तिचे ब्रेक तापतील, टायर चिकटतील, सगळे गिअर लागतील. ज्या कामासाठी तिला घडवलं ते काम तिला तिथे मिळेल. खर्च होईल, पण ही गाडी घेणाऱ्याने खर्चाचं कारण सांगू नये.

कारखान्यावर जायला मात्र साधी उंच गाडी वापरा, मागच्या-पुढच्याला दिसेल अशी. आणि रस्ते सुधारण्याचा आग्रह धरायचाच असेल तर तोही धरू, एकत्र धरू: बीरगांवच्या वस्त्यांतले गतिरोधक १० सेंटिमीटरच्या प्रमाणात बांधले जावेत, त्यांवर पट्टे आणि दिवे असावेत, बिलासपूर रस्त्याला लागून सायकलींसाठी वेगळी पट्टी असावी, सळया बाहेर आलेले ट्रक फाटकातूनच परत पाठवले जावेत, आणि पाळी सुटण्याच्या वेळी भनपुरी ते धनेलीपर्यंत जड वाहनं थांबवली जावीत. या मागण्या महापालिकेकडे आणि कारखानदारांच्या संघटनांकडे लेखी जायला हव्यात. सुपरकार परवडणाऱ्या माणसाची सही त्यावर असली तर अर्जाची दखल लवकर घेतली जाईल, आणि त्याने ती करावी.